वरच्या गावाचे पाणी

वैनगंगा गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेला येऊन भिडते तेव्हा ती एकटी आलेली नसते. मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावून बालाघाटच्या रानांतून आणि भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातून वाहत आलेली ही नदी, मुकुंदराजांच्या नावाशी परंपरेने निगडित असलेल्या अंभोऱ्याच्या संगमावर कन्हानेला आपल्यात सामावून घेते, आणि त्या कन्हानेच्या प्रवाहात तत्पूर्वीच नाग नदी, म्हणजेच नागपूर शहराच्या मोठ्या भागाचे सांडपाणी, विलीन झालेले असते. तेथून खाली पवनीजवळ गोसीखुर्दचे धरण आहे. १९८८ साली ज्याची कोनशिला बसली त्या धरणाच्या विस्तीर्ण जलाशयात हे सारे पाणी काही काळ विसावते, आणि तेथून सुटून वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी, सावली, गडचिरोली, चामोर्शी अशा उभय तीरांवरच्या मुलखाला भिजवीत मार्कंड्याच्या प्राचीन देवालयांवरून पुढे जाते. चपराळ्याजवळ वर्धा येऊन मिळाली की दोघींची मिळून प्राणहिता होते, आणि ही प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीच्या स्वाधीन होते.

ही भूगोलाची उजळणी येथे हेतुपुरस्सर केली आहे. नदीकाठच्या नळयोजना याच प्रवाहातून पाणी उचलतात, गडचिरोली शहरही याच वैनगंगेचे पाणी पिते. आणि म्हणून गडचिरोलीतील गृहिणी जे पाणी माठात भरते त्याचे शुद्धीकरण गडचिरोलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात आरंभ पावते असे समजणे हे अर्धसत्य होय. त्याचा आरंभ नदीच्या प्रवाहाने पुष्कळ वर, नागपूरच्या पूर्वेस भांडेवाडीला, शहराचे मैलापाणी जेथे साफ केले जाते तेथे होतो. जंतूंच्या बाबतीत हे विधान पूर्वीपासून खरे होते, परंतु जंतू क्लोरिनने मरतात. अलीकडे ज्या एका नव्या उपद्रवाची चर्चा जगभर चालली आहे तो क्लोरिनने मरत नाही, उकळल्याने नष्ट होत नाही, आणि शेकडो वर्षे तसाच राहण्याची त्याची प्रकृती आहे. पाण्यातील प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांविषयी, म्हणजे ज्यांना आता सर्वत्र मायक्रोप्लास्टिक म्हणतात त्यांच्याविषयी, मी लिहीत आहे.

पाच मिलिमीटरहून लहान अशा प्लास्टिकच्या तुकड्यास ही संज्ञा लावतात. समुद्रातील अशा कणांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष ठामपणे वेधले गेले ते इंग्लंडमधील प्लिमथ येथील रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली लिहिलेल्या एका निबंधामुळे. पाच मिलिमीटर ही वरची मर्यादा झाली. खालच्या बाजूस हे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे एका मायक्रॉनपर्यंत, उतरत जातात, आणि त्याहूनही लहान झाले की त्यांना नॅनोप्लास्टिक म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो हे ध्यानी घेतले म्हणजे यांतील बहुसंख्य कण डोळ्यांस दिसण्याजोगे नाहीत हे वेगळे सांगावयास नको.

साग-बांबूच्या या मुलखात, जेथे जिल्ह्याच्या भूमीचा फार मोठा भाग अजून अरण्याने आच्छादलेला आहे, तेथे हे कण कोठून यावेत असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. पावसाळा सरून नदीचे पाणी निवळले की कोणत्याही घाटावर सकाळच्या प्रहरी जावे. दगडावर जी लुगडी आपटली जातात, ज्यांच्यावर साबण चोळून प्लास्टिकच्या केसांचा ब्रश खसाखसा फिरवला जातो, ती आता बहुतांशी सुताची नसतात. ती पॉलिस्टरची आणि नायलॉनची असतात, आणि घर्षणाच्या प्रत्येक फेरीत त्यांच्या पोतातून बारीक तंतू सुटून फेसाबरोबर प्रवाहात जातात. प्लिमथच्याच प्रयोगशाळेने २०१६ मध्ये मोजून दाखविले की यंत्रात सहा किलो ॲक्रिलिकचे कपडे एकदा धुतले तर सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. घाटापासून थोडे खाली ढिवरांचे डोंगे लागलेले असतात. त्यांच्या वाडवडिलांची जाळी सणाच्या वा सुताच्या दोऱ्याची असत, आणि ती झिजली तर मातीत मिसळून जात. आजची जाळी नायलॉनची आहे, ती खडकावर घासून झिजते आणि झिजेल तेवढी पाण्यात राहते. त्यातच मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा, बाजारहाटाच्या पातळ पिशव्या, तेंदूपत्त्याच्या हंगामात रानात जाणाऱ्या माणसांच्या पाण्याच्या बाटल्या, आणि खताबियाण्यांची विणलेली पोती ही सगळी उन्हाने कडक होऊन, तुटून, चुरा होऊन अखेर ओढ्यानाल्यांवाटे नदीलाच मिळतात. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीचा हुकूम काढला, केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. तथापि २०२४ च्या फेब्रुवारीत ताडोब्याच्या एका तरुण वाघाचे, पाणवठ्यातील प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेतानाचे, चित्रण देशभर पाहिले गेले, तेव्हा हुकूम आणि अंमल यांतील अंतर सर्वांच्या दृष्टीस पडले.

परंतु स्थानिक हातभार कितीही असला तरी मोठ्या नदीच्या पाण्यातील या कणांचा मोठा पुरवठादार म्हणजे वरचे शहर हे विसरता येत नाही. लक्षावधी घरांतील कपडे धुण्याचे पाणी, रस्त्यावर झिजलेल्या टायरांची पावसाने धुऊन नेलेली भुकटी, नाल्यात तुंबलेला कचरा यांची बरोबरी कोणत्याही घाटाला करता येणार नाही.

आता हे पाणी नळयोजनेच्या केंद्रात शिरते तेव्हा त्याचे काय होते ते पाहू. आपल्याकडील बहुतेक केंद्रांची रचना एकाच धाटणीची असते: नदीतील विहिरीतून पंपाने उचललेले पाणी प्रथम पायऱ्यापायऱ्यांच्या कारंज्यावरून खाली खेळविले जाते, मग त्यात तुरटीचे द्रावण पडते, मग ते मोठ्या गोल हौदात संथपणे ढवळले जाते, गाळ तळाशी बसतो, वरचे पाणी वाळूच्या फिल्टर बेडमधून उतरते, आणि अखेरीस क्लोरिन घेऊन उंच टाकीत चढते. या संपूर्ण मालिकेत प्लास्टिकसाठी म्हणून योजिलेली एकही पायरी नाही, आणि तरीसुद्धा प्लास्टिकचा मोठा भाग या मालिकेतच अडतो. ही गोष्ट मला अत्यंत आशादायक वाटते, आणि ती कशी घडते हे समजून घेण्याजोगे आहे.

तुरटीची मात्रा ठरविण्यासाठी केंद्रातील रसायनज्ञ जो प्रयोग करतो त्याला जार टेस्ट म्हणतात. मेजावर काचेची सहा भांडी ओळीने मांडलेली असतात, प्रत्येकात नदीचे एक-एक लिटर गढूळ पाणी, आणि प्रत्येकात वरून सोडलेले एक पाते. सहाही पाती एकाच मोटरीवर फिरतात. पहिल्या भांड्यात तुरटी थोडी, दुसऱ्यात किंचित अधिक, अशी चढती मात्रा घालून पाणी एखादे मिनिट जोराने घुसळतात आणि नंतर पाती अगदी सावकाश फिरू देतात. काही वेळ काहीच दिसत नाही. मग कोठल्यातरी एका भांड्यात पाणी धुरकट होते, त्या धुरकटपणाचे बारीक ठिपके होतात, ठिपक्यांना ठिपके चिकटून पांढुरक्या, भुसभुशीत गाठी बनतात, आणि पाते थांबविताच त्या गाठी तरंगत तरंगत तळाला जाऊन त्यांच्या वरचे पाणी स्वच्छ दिसू लागते. ज्या भांड्यात हे सर्वांत कमी तुरटीत आणि सर्वांत चांगले घडले ती त्या दिवसाची मात्रा होय.

यामागील कारण असे की पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण बहुधा ऋण विद्युतभार धारण करून असतात, समान भारामुळे ते परस्परांस दूर लोटतात, आणि म्हणून आपण होऊन कधी बसत नाहीत. तुरटीतील ॲल्युमिनियमचा धन भार हा दुरावा नाहीसा करतो. शिवाय त्याचे जे बुळबुळीत हायड्रॉक्साइड तयार होते ते खाली बसताना वाटेत येईल ते आपल्यात गुरफटून घेते. प्लास्टिकचे कणही पाण्यात बहुधा ऋणभारितच असतात, त्यामुळे त्यांनाही हाच न्याय लागू पडतो. अडचण एवढीच की पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन ही पाण्याहून हलकी आहेत. मातीची गाठ आपल्याच वजनाने बुडते, परंतु हलक्या प्लास्टिकला बुडविण्यासाठी त्याच्याभोवती पुरेशी जड गाठ जमावी लागते. पॉलिस्टर, पीव्हीसी, नायलॉन ही पाण्याहून जड असल्याने त्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही. चीनमधील संशोधकांनी २०१९ साली केवळ ॲल्युमिनियमच्या क्षाराने पॉलिथिनचे कण बसविण्याचा प्रयत्न केला तेव्हा मात्रा भरपूर वाढवूनही ४० टक्क्यांच्या आतच कण निघाले. जोडीला पॉलिअक्रिलामाइड हा चिकट पदार्थ दिल्यावर ते प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास गेले. यातून नळयोजनेच्या माणसाने घ्यावयाचा बोध व्यवहारी आहे. पावसाळ्यात पाणी गढूळ असते, गाठी मोठ्या आणि जड बनतात. उन्हाळ्यात नदी आटते, पाणी वरकरणी नितळ दिसते, म्हणून तुरटी कमी केली जाते वा पुष्कळ ठिकाणी बंदच ठेवली जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत नदीतील स्वच्छ पाणी घटल्याने सांडपाण्याचा हिस्सा वाढलेला असतो. डोळ्याला नितळ दिसणाऱ्या पाण्यावर तुरटीचा खर्च करावयाचा हे हिशेबनिसाला पटविणे कठीण आहे, तरी ते पटविले पाहिजे.

चिकट वनस्पतींची गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती आपल्या घरची आहे. विदर्भाच्या कोरड्या रानांत निवळीचे झाड आढळते. संस्कृतात त्याला कतक म्हणतात, आणि त्याचे बी घासून पाणी निवळण्याची रीत सुश्रुताच्या संहितेत नोंदलेली आहे. पश्चिम महाराष्ट्रातील गुऱ्हाळांत उकळत्या रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस सोडून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात. हाच गुणधर्म टेक्सासमधील एका विद्यापीठात रजनी श्रीनिवासन या भारतीय वंशाच्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी प्लास्टिकवर योजून पाहिला. भेंडी, मेथी आणि चिंच यांतील चिकट द्रव्ये पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिकला गोळा करतात असे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले. ब्राझीलच्या साओ पावलो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी शेवग्याच्या बियांचा अर्क वापरून तुरटीच्या तोडीचे फळ मिळविले. मात्र या वनस्पतिजन्य द्रव्यांचा काही अंश पाण्यात शिल्लक राहतो आणि साठवणीत नासतो, म्हणून शहराच्या योजनेस ती चालतील असे आज म्हणता येणार नाही. परंतु ज्या पाड्यावर तुरटीचे पोतेही वेळेवर पोहोचत नाही आणि परसात शेवगा मात्र उभा आहे, त्या पाड्यासाठी या दिशेने काम होणे अगत्याचे आहे. त्या कामाला लागणारी संस्थाही दूर नाही. १९५८ साली नागपुरात स्थापन झालेली आणि १९७४ पासून नीरी या नावाने ओळखली जाणारी संस्था हीच ती, जिने पाण्यातील फ्लोराइड तुरटी आणि चुना यांच्या साह्याने काढण्याची नलगोंडा पद्धत बसविली. चंद्रपूर जिल्ह्यातील कित्येक गावे फ्लोराइडने पीडित असल्यामुळे तुरटी-चुन्याचे हे शास्त्र तेथील लोकांना अगदी अनोळखी नाही.

तुरटीतून जे सुटते ते वाळूत अडते, निदान अडावे अशी अपेक्षा असते. फिल्टर बेडमधील वाळूचे कण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतात, त्यांच्यामधील फटी प्लास्टिकच्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. तरीही कण अडतात, कारण वाळू त्यांना गाळीत नसून पृष्ठभागावर धरून ठेवते. कण आधी तुरटीने निर्भार झालेला असेल तरच ही धरपकड होते. म्हणजे तुरटीत केलेली काटकसर वाळूतही भोवते. काही तास वा दिवसांनी बेड भरला की पाणी उलट्या दिशेने, खालून वर, जोराने सोडतात. वाळूचा अख्खा थर उचलला जातो, तपकिरी पाणी कडेच्या पन्हाळीतून ओसंडून जाते, आणि ते फिकट होईपर्यंत व्हॉल्व्हमन तेथे उभा असतो. या बॅकवॉशनंतर पहिली काही मिनिटे बेड नीट पकड घेत नाही, आणि त्या मिनिटांतले पाणी टाकीत न घेता बाहेर सोडावे असा दंडक आहे. पाण्याची ओढ असताना हा दंडक पाळण्यास धैर्य लागते.

एकूण हिशेब काय येतो? चेक प्रजासत्ताकातील तीन केंद्रांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. तेथे कच्च्या पाण्यात दर लिटरला सुमारे १,४७० ते ३,६०० कण होते, आणि शुद्ध केलेल्या पाण्यात सुमारे ३४० ते ६३०. म्हणजे ७० ते ८३ टक्के कण निघाले. चीनमध्ये यांगत्सी नदीवरील एका अद्ययावत केंद्रात, जेथे वाळूनंतर ओझोन आणि दाणेदार कोळसाही होता, ८२ ते ८९ टक्के कण निघाल्याचे २०२० मध्ये नमूद झाले. या दोन्ही पाहण्यांत जे कण शिल्लक राहिले ते प्राधान्याने दहा मायक्रॉनहून लहान होते. याहून अधिक, जवळजवळ पूर्ण निर्मूलन हवे असेल तर पटलांचा, म्हणजे मेम्ब्रेनचा, आश्रय घ्यावा लागतो, आणि त्याचा विजेचा व देखभालीचा खर्च पाच हजार वस्तीच्या गावाला पेलणारा नाही. लहान गावांसाठी मी त्याऐवजी जुन्या मंदगती वाळू-फिल्टरचे नाव सुचवीन. १८२९ साली लंडनमध्ये जेम्स सिम्प्सनने तो थेम्सच्या पाण्यासाठी बांधला. त्यात पाणी तासाला वीतभरही उतरत नाही, वाळूच्या माथ्यावर सजीवांचा एक पातळ थर जमतो आणि तोच मुख्य गाळणी ठरतो. त्याला तुरटी लागत नाही, वीज फारशी लागत नाही. जागा लागते, आणि गडचिरोली व चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत जागेची वाण नाही.

विहिरी आणि बोअरिंगचे हातपंप यांच्या पाण्याबाबत मात्र एवढे चिंतित होण्याचे कारण नाही, कारण मुरूम-मातीच्या थरांतून झिरपताना पाण्यातील कण बहुतांशी वरच राहतात. तळ्यांची गोष्ट निराळी. मालगुजारांच्या अमदानीत बांधले गेलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी खालसा झाल्यावर सरकारजमा झालेले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आता सगळेच मामा तलाव म्हणतात, ते उघडे साठे आहेत. गावाच्या निस्ताराचे सगळे व्यवहार त्यांच्या पाळीवर चालतात, आणि तळाला बसलेले प्लास्टिक तेथून कोठे जात नाही. गाळ काढण्याची कामे जेथे निघतात तेथे तो गाळ थेट शेतात पसरण्यापूर्वी त्यातील चिंध्या, पिशव्या आणि जाळ्यांचे तुकडे वेचून काढणे हे एका दिवसाच्या मजुरीचे काम आहे.

आता वरच्या शहराकडे वळतो, कारण माझ्या मते सर्वाधिक फळ देणारा उपाय तेथेच आहे. पिण्याच्या पाण्यात कण विरळ असतात, मैलापाण्यात ते दाट असतात, आणि जेथे दाट तेथे पकडणे स्वस्त पडते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील एका मैलापाणी केंद्राची २०१६ साली तपासणी झाली. आत येणाऱ्या पाण्यात दर लिटरला सुमारे १६ कण होते, बाहेर पडणाऱ्यात पाव कण, म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक कण अडले. पण केंद्र साडेसहा लाख लोकवस्तीचे असल्याने उरलेल्या अंशाची बेरीज दिवसाला साडेसहा कोटी कण एवढी झाली. फिनलंडमध्ये अशा शुद्ध केलेल्या पाण्यावर आणखी एक अखेरची पायरी चढवून पाहिली, तेव्हा वाळूच्या फिल्टरने शिलकीतील ९७ टक्के कण काढले; केवळ प्राथमिक शुद्धीकरण झालेल्या पाण्यावर चालविलेल्या पटलयुक्त जैविक टाकीने ९९.९ टक्के कण काढले. (ग्लासगोचे आकडे आणि चेक केंद्रांचे आकडे परस्परांशी ताडून पाहू नयेत, किती बारीक कणापर्यंत मोजले यावर आकडा अवलंबून असतो.)

नागपूरने एक गोष्ट केली आहे जिचा या प्रश्नाशी असलेला संबंध सहसा कोणी सांगत नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेले दररोज १३० दशलक्ष लिटर मैलापाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे वळविण्याची योजना तेथे अमलात आली. यामागील हेतू पेंच धरणाचे गोडे पाणी वाचविण्याचा होता, आणि तो उत्तमच होता. पण जे पाणी शीतक मनोऱ्यांत वाफ होऊन जाते ते नाग नदीत उतरत नाही, आणि जे नाग नदीत उतरत नाही ते कन्हानेच्या, वैनगंगेच्या, गडचिरोलीच्या वाट्यास येत नाही. चंद्रपूरला हाच मार्ग मोकळा आहे. चंद्रपूर शहर आणि तेथील महाऔष्णिक केंद्र ही दोन्ही इरई धरणाचे पाणी घेतात, ज्याचा एक काठ ताडोब्याच्या अरण्याला लागून आहे. अरण्याने राखलेले हे पाणी पिऊन शहर आपले सांडपाणी झरपट आणि इरई या नद्यांत सोडते, इरई पुढे वर्धेला मिळते, आणि खाली बल्लारपूर तेच वर्धेचे पाणी उचलते. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणाने असे ठरविले आहे की मैलापाणी केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्राने ते शुद्ध केलेले पाणी वापरावे. चंद्रपुरात हे अंतर मोजण्याचीही गरज नाही. या धोरणाची तेथे पुरी अंमलबजावणी झाली तर इरईतील गोडे पाणी वाचेल आणि बल्लारपूरच्या नळातील प्लास्टिकही घटेल, आणि त्यासाठी नवे शास्त्र शोधावे लागणार नाही.

पकडलेले प्लास्टिक जाते कोठे, हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. तुरटीच्या गाठी, बॅकवॉशचे पाणी, मैलापाण्याचा गाळ यांतच ते सारे साठते. पिण्याच्या पाण्याच्या केंद्रात बॅकवॉशचे पाणी सरळ जवळच्या नाल्यात सोडण्याची सवय असेल तर जे नदीतून काढले ते नदीलाच परत दिले जाते. मैलापाण्याचा गाळ खत म्हणून शेतात जातो. युरोपात या मार्गाने वर्षाकाठी ६३,००० ते ४,३०,००० टन सूक्ष्म प्लास्टिक शेतजमिनीत पडत असावे असा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. धानाच्या बांधीत पडलेले हे प्लास्टिक काढण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नाही.

या ठिकाणी चंद्रपूर जिल्ह्याला एक विलक्षण साधन हाताशी आहे. गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस या परिसरातील सिमेंटच्या भट्ट्यांत चुनखडी सुमारे १,४५० अंशांवर भाजली जाते, आणि अशा भट्ट्यांत टाकाऊ प्लास्टिक व वाळविलेला गाळ इंधन म्हणून जाळण्याची रीत देशात मान्यता पावलेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टिकसाठी त्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ साली प्रसृत केली. त्या तपमानात प्लास्टिकचा कण शिल्लक राहत नाही. परंतु २००९ साली ज्या क्षेत्रांना अतिप्रदूषित म्हणून जाहीर केले गेले त्यांच्यात चंद्रपूरचे नाव वरच्या क्रमांकात होते, येथील माणूस आधीच कोळशाची धूळ आणि धूर श्वासाबरोबर घेतो. तेव्हा नागपूरचा वा कोणाचाही गाळ येथील भट्ट्यांत येणार असेल तर धुराड्यातून काय बाहेर पडते याची सततची मोजणी आणि ती लोकांपुढे मांडण्याची सक्ती या अटी आधी मुक्रर झाल्या पाहिजेत, विशेषतः क्लोरिन असलेल्या पीव्हीसीच्या बाबतीत. या अटींशिवाय मी त्या तजविजीला अनुकूल मत देणार नाही.

घरी काय करावे असे लोक विचारतात. बाटलीबंद पाणी हे उत्तर नव्हे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये बाटलीच्या पाण्यात दर लिटरला सरासरी २,४०,००० प्लास्टिकचे कण मोजले, त्यांतील ९० टक्के नॅनो आकाराचे. आणि जे प्लास्टिक मुबलक सापडले त्यांत पॉलिअमाइड होते, जे बहुधा शुद्धीकरणाच्या पटलांतूनच आले असावे असे त्यांनी म्हटले आहे. आरओ यंत्र कण अडविते हे खरे, पण ते पुष्कळ पाणी वाया घालविते, आणि ज्या पाण्यात क्षार दर लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत तेथे ते वापरू देऊ नये असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिला होता. चीनमधील ग्वांगझू येथील एका साध्या प्रयोगाचे मला अधिक मोल वाटते: जड पाणी पाच मिनिटे उकळले की त्यातील चुना घट्ट होऊन बसतो आणि बसताना प्लास्टिकच्या कणांना आपल्यात कोंडून घेतो, ३०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्यातून अशा रीतीने ९० टक्क्यांपर्यंत कण निघाले, मऊ पाण्यातून मात्र सुमारे २५ टक्केच. राजुरा, कोरपना, जिवती हा चुनखडीचा पट्टा आहे, भांड्याच्या तळाला बसणारा पांढरा थर तेथील घराघरांत ओळखीचा आहे. पाणी उकळून, निवू देऊन, तळ न ढवळता वरचे ओतून घ्यावे. पण ज्या घरात चूल सरपणावर चालते तेथे रोजचे सगळे पिण्याचे पाणी उकळा असे मी सांगणार नाही; त्या सरपणाचा भार डोक्यावरून आणणारी बाईच असते.

हे कण शरीरात काय करतात याविषयी घाबरवून सोडणारे लिखाण बरेच होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या अहवालात पिण्याच्या पाण्यातील कणांचा धोका त्या वेळच्या पुराव्यावरून फार मोठा मानला नाही, आणि जंतू व रसायने यांच्या निर्मूलनाला अग्रक्रम द्यावा असे सांगितले. तोच अहवाल असेही सांगतो की चांगली चालविलेली नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया जंतूंबरोबर प्लास्टिकही काढते. त्यानंतर २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ पैकी १७ माणसांच्या रक्तात प्लास्टिक आढळले, आणि २०२४ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी दाखविले की ज्या रुग्णांच्या मानेच्या रोहिणीतील मेदाच्या थरात प्लास्टिक होते त्यांना पुढील सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात वा मृत्यू येण्याचा संभव साडेचार पटींनी अधिक होता. कारण आणि परिणाम यांचा संबंध त्यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखी ही गोष्ट नव्हे. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात सूक्ष्म प्लास्टिकची मर्यादा नाही. गढूळपणाची मात्र आहे, आणि तिची स्वीकार्य पातळी एक एनटीयू इतकी कडक आहे; केंद्रातील साध्या यंत्रावर दर तासाला मोजता येणारा हाच आकडा आज प्लास्टिकच्या नियंत्रणासाठीही उपयोगी पडू शकतो, कारण फिल्टरमधून बाहेर पडणारे पाणी जितके गढूळ तितका कण धरून ठेवण्यात बेड कमी पडलेला असतो.

म्हणून नगरपरिषदेच्या वा ग्रामपंचायतीच्या सभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा नव्या यंत्राच्या खरेदीचा ठराव मांडण्याआधी दफ्तरातील तीन नोंदी मागवाव्यात: प्रत्येक बेडच्या बाहेरचा गढूळपणा दर तासाला किती होता, उन्हाळ्याच्या महिन्यांत तुरटी किती लागली, आणि बॅकवॉशचे पाणी व गाळ कोठे सोडला. तिसरी नोंद बहुधा ठेवलेली नसते. ती ठेवण्यास लावावी, बॅकवॉशच्या पाण्यासाठी केंद्राच्या आवारातच गाळ बसविण्याचा एक हौद खोदावा, आणि नागपूर महानगरपालिकेच्या मैलापाणी केंद्रांचे मासिक अहवाल वैनगंगेच्या काठच्या प्रत्येक नगरपरिषदेकडे पाठविले जावेत अशी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात करावी.